प्रभावतीबाईंची फियाट आणि ब्रेकच्या तीन नळ्या

पेट्रोल भरून परतताना प्रभावतीबाईंना गाडी जड वाटायला लागली. पाय दाबावा तर इंजिन नुसतंच ओरडायचं, गाडी काही मोकळी पळेना. मागून कुणी दोर बांधून धरल्यासारखी. जालन्यात मस्तगडला घराच्या गल्लीत शिरेपर्यंत करपल्याचा वास नाकात बसला. गाडी लावून त्या खाली उतरल्या, पुढच्या उजव्या चाकाजवळ हात नेला आणि झटक्यात मागं घेतला. चाक तव्यासारखं तापलं होतं.

"आत्ताच सुचलं का तुला हे?" त्या गाडीला म्हणाल्या.

बारा दिवसांनी केदारखेड्याला बारसं होतं. तिथं जायचं तर ह्याच गाडीत, अशी बाळाच्या आजीनं, तुळजाबाईंनी फोनवर अट घातली होती.

प्रभावतीबाई चौसष्ट वर्षांच्या. सगळी नोकरी सरकारी नर्स म्हणून झालेली, त्यातली वीस वर्षं वाटूरला. त्यांचे यजमान भारत सर तिथंच प्राथमिक शाळेत मास्तर होते. निवृत्तीनंतर दोघं जालन्यात राहायला आले आणि तीन वर्षांपूर्वी सर गेले. मुलगा मिथुन पुण्यात कंपनीत. घरात बाई एकट्या, आणि अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली ही फियाट. बहात्तर सालची, दुधावरच्या सायीच्या रंगाची, गिअरचा दांडा स्टेअरिंगला. सर गेल्यापासून ती पेट्रोल पंपाच्या पुढं गेली नव्हती. आठवड्यातून एकदा बाहेर काढायची, पंपापर्यंत न्यायची, आणायची, पुसायची. मिथुन दर दिवाळीला म्हणायचा, "आई, देऊन टाक आता." त्या "बघू" म्हणायच्या आणि फराळाचं ताट पुढं सरकवायच्या.

सरांनी गाडी घेतली नव्वद साली, एका डॉक्टरांकडून. वाटूरच्या त्यांच्या वस्तीतली ती पहिली मोटार. ती दारात आली तेव्हा सासरे रामकिसनबाबा ओट्यावर बसले होते. छप्पन साली धम्म स्वीकारलेल्या पिढीतला माणूस. तरुणपणी रस्त्याच्या कामावर खडी फोडलेली. सरांनी मागचं दार उघडलं, तर बाबांनी पायातल्या चपला काढल्या, हातात घेतल्या आणि मग आत बसले. परतूरच्या रस्त्यानं दोन-तीन मैल गेल्यावर ते एवढंच बोलले, "भारत, हळू ने. ह्या रस्त्यावर लई बसलो मी हातोडा घेऊन. पर असा कधी बसलो न्हाई."

प्रभावतीबाईंना गाडी शिकवली सरांनीच. कापणी झालेल्या रानातून, सुट्टीच्या दिवशी. बाई भीत नव्हत्या, पण पळवायची घाई फार. सर शेजारी बसून शांतपणे म्हणायचे, "प्रभा, पळवायला सगळ्यांनाच येतं. आधी थांबवायला शिक." त्या झाडापाशी थांब, त्या दगडापाशी थांब, असं महिनाभर चाललं. गावातल्या बायका बांधावर उभ्या राहून बघायच्या आणि नर्सबाई झाडाला धडकत कशी न्हाई म्हणून नवल करायच्या. पुढं हीच गाडी अडल्यानडल्याला उपयोगी पडायला लागली. सरकारी जीप कधी असायची, कधी नसायची. फियाट मात्र असायची.

चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात, कापसाच्या वेचणीच्या दिवसांत, एका शेतवस्तीवरून निरोप आला. तुळजाबाई नावाची विशीतली बाळंतीण सकाळपासून अडली होती. बाईंनी तपासलं आणि जालन्याला न्यायचं ठरवलं. सर गाडी चालवत होते, मागच्या सीटवर तुळजाबाई आणि बाई. रामनगरच्या अलीकडं बाई ओरडल्या, "अहो, थांबवा! हितंच होतंय!"

सरांनी गाडी बाभळीच्या सावलीत घेतली. मग रस्त्याकडे तोंड आणि गाडीकडे पाठ करून भर दुपारी ते हात पसरून उभे राहिले. येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला सांगायचे, "भाऊ, हॉर्न वाजवू नको. हळू जा." पाऊण तासानं आतून रडण्याचा आवाज आला तेव्हा रस्त्याकडेला दोन ट्रक, एक बैलगाडी आणि एक टेम्पो थांबलेले होते. मुलगी झाली होती. तिचं नाव मोनाली ठेवलं. तुळजाबाई अजून सांगतात, "सरांनी गाडी अशी थांबवली, का पोटातलं पानी हाललं न्हाई."

आता त्या मोनालीला दुसरी लेक झाली होती, आणि लेक सव्वा महिन्याची झाली की मोनालीच्या सासरी, केदारखेड्याला, बारसं होतं. तुळजाबाईंचं म्हणणं एकच, "बाई, यष्टीनं येऊ नका. गाडीत या. माझ्या नातीला दाखवायचंय, तिची माय कुठं जल्मली ते."

दुसऱ्या दिवशी बाई भुजंग मेकॅनिककडे गेल्या. भुजंग पंचावन्नचा, बुटका, बोलका. सर असताना महिन्यातून एकदा तरी ते त्याच्या गॅरेजात लाकडी बाकावर बसून चहा पीत असत. भुजंग स्वतः घरी आला, पुढचं चाक जॅकवर उचललं आणि हातानं फिरवून पाहिलं. मोकळं फिरलं.

"आता ब्रेक दाबा बाई. सोडा."

त्यांनी दाबून सोडला. भुजंगनं चाक फिरवायचा प्रयत्न केला. जाम. त्यानं पाना घेतला. चाकाकडं जाणाऱ्या रबरी नळीच्या अलीकडचा जोड जरासा ढिला केला. ऑइलचे दोन थेंब पडले, पण चाक हललं नाही. मग नळीच्या पलीकडचा, चाकाकडचा जोड ढिला केला, तशी ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक आपसूक फिरलं.

"सापडलं. नळीच खराब हाय. दाबलं का ऑइल चाकाकडं जातंय, पर परत यायलाच तयार न्हाई. आतून फुगून बसलीया. तिन्ही बदलू. पुढच्या दोन, मागची एक."

बाई गाडीतून उतरून खाली वाकल्या. नळी वरून चांगली काळी, कुठं भेग नाही. तिच्या टोकाच्या नटावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका होता. नट ढिला होऊन फिरला तर ठिपका सरकलेला दिसावा, म्हणून लावलेला.

"हे ह्यांनी बसवलंय," त्या म्हणाल्या. "दोन हजार एक साली, उन्हाळ्याच्या सुट्टीत. दिवसभर गाडीखाली होते. बाकी काय पण कर भुजंग, हे ऱ्हाऊ दे. साफ करून चालत न्हाई का?"

भुजंगनं नळी सोडवली, फरशीवर ठेवली आणि धारदार पात्यानं मधोमध कापली. दोन्ही तोंडं बाईंपुढं धरली. आतलं रबर सुजून एकमेकांना भिडलं होतं. मध्ये मोहरीचा दाणा जाईल एवढीही वाट उरली नव्हती.

बाईंनी चष्मा वर सरकवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"वरून कळतच न्हाई," त्या म्हणाल्या.

"न्हाई कळत, बाई."

सर गेले त्या सोमवारी ते सायकलवर जाऊन भाजी घेऊन आले होते. मेथी निवडत बसले, मेथीत वाळू फार म्हणून कुरकुरले आणि भिंतीला टेकले. नर्स असलेल्या बाईंना आदल्या दिवसापर्यंत काही म्हणता काही दिसलं नव्हतं. तीन वर्षं त्यांनी हे स्वतःला माफ केलेलं नव्हतं. त्या उठल्या, हात पुसले. "बदल. तिन्ही बदल. पर चांगल्या घाल."

"मंग ऐका. हितं रबराच्या मिळतील, पर त्या दुकानात दहा-दहा वरीस पडून राह्यलेल्या. नवी म्हणायची न् जुनीच बसवायची. ट्रॅक्टरला पाइप दाबून देणारे ढीगभर हायेत, पर ते ब्रेकला बिलकुल चालत न्हाई. आपण स्टीलच्या जाळीच्या घालू. आत टेफलॉनची नळी, वरून तारेची विणलेली जाळी. ब्रेक दाबला का रबर फुगतं, अन् तुमचा निम्मा जोर फुगवण्यातच जातो. ही फुगत न्हाई. पुण्यात बनवून देतात, दाब देऊन तपासून. फक्त माप बराबर पायजे."

माप म्हणून उरलेल्या दोन नळ्या काढून पुण्याला मिथुनकडे पाठवल्या. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. बाईंना वाटलं, आता गाडी विकायचं पुराण सुरू होणार. पण तो म्हणाला, "आई, हे पिवळे ठिपके मी लावलेत."

"तू?"

"सातवीत होतो ना. बाबा खालून पाना मागायचे, मी द्यायचो. चौदाचा मागितला का मी बाराचा द्यायचो. शेवटी वैतागून म्हणाले, जा, ब्रश आण अन् ठिपके लाव, ते तरी नीट कर. खाली झोपून लावले मी. शर्टाला रंग लागला म्हणून तू मारलं होतंस."

"मारलं होतं का रे मी?"

"लाटण्यानं."

दोघं हसले. मग मिथुन म्हणाला, "मी स्वतः जाऊन बनवून घेतो. कुरिअरवर सोडत न्हाई." आणि खरंच, कामावर अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो बनवणाऱ्याकडे बसून राहिला. नळ्या घेऊन शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघाला आणि रविवारी सकाळी दारात हजर.

तिन्ही नळ्या चकचकीत होत्या. बाईंना त्या जुन्या गाडीखाली नव्या नवरीच्या पैंजणासारख्या वाटल्या. भुजंगनं त्या बसवल्या आणि बाईंना स्टेअरिंग पार डावीकडं, मग पार उजवीकडं वळवायला लावलं. नळी कुठं ताणली जात नाही ना, चाकाला घासत नाही ना, ते तो खालून बघत होता. एका जागी जाळी लोखंडाला लागतेय असं दिसलं, तर तिथं त्यानं रबराचा तुकडा चढवला. "ही जाळी कानशीसारखी हाय बाई. जिथं घासंल तिथलं लोखंड खाईल."

मग नळ्यांमधली हवा काढायची वेळ आली. मिथुन ऑइलची बाटली धरून बॉनेटपाशी उभा, बाई ब्रेकवर पाय ठेवून आत बसलेल्या, भुजंग चाकामागं आडवा.

"दाबा… दाबा… अजून. आता धरा. धरून ठेवा, सोडू नका… हां, सोडा."

चौथ्या वेळेला बाईंना हसू आवरेना.

"काय झालं?" भुजंगनं खालून विचारलं.

"अरे, जल्मभर हेच मी बायकांना सांगत आले. कळ दे, धरून ठेव, सोडू नको. आज माझ्यावर आली पाळी."

"मंग बाळंतपण नीट होऊ द्या," भुजंग म्हणाला. "दाबा!"

गल्लीत चाचणीला बाईच बसल्या. जुन्या सवयीनं त्यांनी ब्रेक जोरात हाणला. गाडी जागच्या जागी उभी राहिली आणि शेजारी बसलेला भुजंग समोरच्या काचेवर कपाळ आपटता आपटता राहिला.

"बाई! आता एवढा जोर लागत न्हाई. नुसता पाय ठेवा."

बारशाच्या दिवशी, त्यासाठीच थांबलेला मिथुन गाडी चालवतो म्हणाला, पण बाईंनी किल्ली दिली नाही. मायलेक नऊ वाजता निघाले. भोकरदनच्या रस्त्याला लागल्यावर दोन्हीकडं कापूस फुटलेला. बाईंनी काच खाली केली. राजूरच्या पुढं एका ट्रॅक्टरवाल्यानं हात न दाखवता रानात वळण घेतलं. मिथुननं पाय आखडले. बाईंनी नुसता पाय ठेवला. गाडी सरळ रेषेत, डावी-उजवी न ओढता, हळू होत होत थांबली. मागच्या सीटवरचा पेढ्यांचा डबासुद्धा सरकला नाही.

मिथुननं आखडलेले पाय मोकळे केले. "बाबा असंच थांबवायचे," तो म्हणाला.

"त्यांना ह्या नळ्या मिळाल्या असत्या तर," बाई म्हणाल्या, "वाटूरभर दाखवत फिरले असते. रोज एकेकाला बसवून."

"आणि प्रत्येकाला आधी टेफलॉन म्हणजे काय ते समजावलं असतं."

"फळ्यावर आकृती काढून."

तीन वर्षांत सरांविषयी ते दोघं असं कधी बोललेच नव्हते. केदारखेडा येईपर्यंत बोलत राहिले. सरांचं घोरणं, सरांचा खडूनं पांढरा झालेला खिसा, पोरांना सहलीला नेताना एकदा ह्याच गाडीत कोंबलेली अकरा मुलं.

पुलाजवळच तुळजाबाई वाट बघत उभ्या होत्या. गाडी दिसताच पदर खोचून पुढं आल्या. "आली! सरांची गाडी आली!" मांडवातल्या बायका बाहेर आल्या. मोनाली बाळाला घेऊन आली, मागचं दार उघडून आत बसली आणि सीटवरून हात फिरवत म्हणाली, "हितं?"

"हितं," बाई म्हणाल्या. "डोकं त्या बाजूला होतं तुझं. अन् रडायला लागलीस ते थांबायलाच तयार न्हाई."

मोनालीच्या सासूबाईंनी ओवाळायचं तबक आणलं होतं बाळासाठी. त्यांनी आधी बॉनेटला कुंकू लावलं. मग पोरांनी गाडीचा ताबा घेतला. बाईंनी त्यांना चार-चार करून पुलापर्यंत फिरवून आणलं. तिसऱ्या फेरीला सासूबाईच पुढच्या सीटवर येऊन बसल्या आणि जेवणाची पंगत अर्धा तास खोळंबली.

दुपारी चारला निघताना तुळजाबाईंनी डिकीत गव्हाचं पोतं आणि शेंगांची पिशवी टाकली. वाटेत बाई म्हणाल्या, "मिथुन, पुढच्या महिन्यात दोन दिवसांची रजा काढ. वाटूरला जाऊन येऊ. तिथली माणसं बघून लई दिवस झाले."

"गाडीनं?"

"मंग काय, पायी?"

मिथुन हसला, खिडकीतून हात बाहेर काढला आणि राजूरच्या उतारावर आईला म्हणाला, "हळू."