गळका गीझर आणि पिवळ्या सासूबाई

गळती शोधणे हा माझा व्यवसाय आहे. मानेसरच्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे रेडिएटर बनतात आणि माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय त्यातला एकही बाहेर पडत नाही. रेडिएटर पाण्यात बुडवायचा, आत हवा भरायची आणि कुठे बुडबुडा दिसला की तो बाजूला काढायचा. असे बुडबुडे पकडत पकडतच मी इन्स्पेक्टर झालो, दिल्लीतल्या द्वारकेत फ्लॅट घेतला आणि त्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये आमच्या आयुष्यातला पहिला गीझर बसवला. त्यामुळे ऐन दिवाळीच्या तोंडावर गीझरखाली पाणी ठिबकायला लागलं, तेव्हा मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर आनंदच झाला! आपलं कसब घरच्यांना दाखवायची संधी रोज थोडीच येते?

"प्लंबरला बोलवा," बायको म्हणाली.

"वैशाली, मी गळतीचा माणूस आहे."

"म्हणूनच म्हणते, प्लंबरला बोलवा."

तिची काळजी मला कळत होती. वैशालीची आई दर दिवाळीला अमरावतीहून यायची आणि थेट नोएडाला, म्हणजे वैशालीच्या मोठ्या बहिणीकडे, सुनंदाताईकडे उतरायची. कारण होतं आईंचे गुडघे. त्या गुडघ्यांना कडकडीत पाणी लागायचं. नोएडात गीझर होता आणि आम्ही तोवर भाड्याच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, स्टोव्हवर पातेली चढवत होतो. आई आपल्या घरी दिवाळीला कधीच आली नाही, हे वैशाली बोलून दाखवत नसे. नोएडाहून परतताना बसच्या खिडकीबाहेर बघत बसायची, बस. मला ते फार लागायचं.

आणि आता स्वतःचं घर झालं होतं. (घर म्हणजे काय, त्या वेळी द्वारकेत इमारती येऊन उभ्या होत्या, माणसं अजून यायची होती. मेट्रोचं नाव नव्हतं, पाणी टँकरनं यायचं आणि रिक्षावाला "सेक्टर" हा शब्द ऐकला की मान फिरवायचा!) आई अभ्यंगस्नानाला आमच्याकडे यायला कबूल झाल्या होत्या. माझे साडू दिलीपराव यांनी मात्र फोनवर सूचना दिली होती, "आम्ही फराळाला येतोच आहोत. आईंना काही गैरसोय झालेली दिसली, तर सरळ सोबत घेऊन जाऊ. आमच्याकडे आता दोन गीझर आहेत."

दोन गीझर! त्या वाक्यानंतर प्लंबरला बोलावणं म्हणजे हार पत्करणंच होतं.

मी कामाला लागलो. स्विच बंद केला (एवढी अक्कल मला आहे), पान्यानं सगळे नट आवळले. ठिबक चालूच. नट काढून सुतळी गुंडाळली, सफेदा चोपडला, पुन्हा आवळले. ठिबक जोरात! मग मी गीझरच्या तळाला टॉर्च लावून, बाथरूमच्या फरशीवर उताणा पडून राहिलो. तेवढ्यात आई आल्या. त्या दुपारच्याच गाडीनं पोचल्या होत्या.

"जावईबापू, बरं नाही वाटून राह्यलं का?"

"तपासणी चालू आहे, आई."

"अन् ते पाणी तुमच्या कपाळावर पडून राह्यलं ते?"

"तीच तपासणी."

शेवटी मी ठरवलं की आता घरगुती उपाय पुरे, कारखान्याचं शास्त्र वापरायचं. नुकताच आमच्याकडे परदेशी कंपनीशी करार झाला होता आणि त्या करारासोबत गळती शोधायच्या रंगाच्या बाटल्या आल्या होत्या. हा रंग पाण्यात मिसळला की पाणी झगझगीत पिवळं होतं आणि जिथून गळतं तिथे पिवळा ओघळ उठून दिसतो. त्यातली एक बाटली मी साहेबांना विचारून घरी आणली होतीच. टाकीला एक टोपण पुरे, असं तिच्यावर लिहिलं होतं. पण दिल्लीचं जड पाणी, दिल्लीची थंडी, दिल्लीची एकूणच वृत्ती लक्षात घेता मी अख्खी बाटली ओतली.

धनत्रयोदशीची ती संध्याकाळ. वैशाली आणि आई स्वयंपाकघरात चकल्या पाडत होत्या. मी गुपचूप गीझरची वरची नळी सोडवून रंग आत ओतला, नळी बसवली आणि खाली वाट बघत बसलो. ठिबक आली. स्वच्छ, पांढरी! पुन्हा आली. पांढरी! माझ्यासारख्या अनुभवी माणसाचा तर्क सोपा होता, रंग अजून तळाला उतरला नाही. रात्रभर मुरू दे, सकाळी उठून बघू, मग टाकी रिकामी करून टाकू. वैशालीला सांगायची गरज वाटली नाही. निकाल हातात आल्यावरच अहवाल द्यावा, ही कारखान्याची पद्धत.

आता इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. इतकी वर्षं दिल्लीत काढल्यावर माझी दिवाळी दिल्लीसारखी संध्याकाळी सुरू व्हायला लागली होती. सुट्टीची "सकाळ" म्हणजे उन्हं अंगावर आल्यावर. पण अमरावतीच्या सासूबाई घरात असताना नरकचतुर्दशीची सकाळ सूर्याच्याही आधी होते, हे मी साफ विसरलो.

मला जाग आली ती बाथरूममधल्या आवाजानं.

"वैशू! उटणं निघून नाही राह्यलं वं!"

"आणखी पाणी घे आई! चांगलं कडकडीत आहे ना?"

"पाणी झकास आहे! पण जेवढं धुतलं तेवढं वाढून राह्यलं!"

"घासून काढ!"

मी पांघरुणात उठून बसलो. आमच्या बाथरूममध्ये एक मिणमिणता पिवळा बल्ब होता, ज्याखाली दूधसुद्धा पिवळं दिसायचं. त्यात आईंचा चष्मा बाहेर. त्यात आईंचं पक्कं मत की दिल्लीचं पाणी मुळातच गढूळ. माझ्या सासूबाई मन लावून, घासूनपुसून, गळती शोधायचा रंग अंगात जिरवत होत्या!

मी दारापर्यंत पोचेतो आई बाहेर आल्या. पायाखाली कारीट फोडलं, ट्यूबलाइटखाली उभ्या राहिल्या आणि वैशाली औक्षणाच्या ताटासकट दोन पावलं मागे सरकली. अमरावतीच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या आई हळदीच्या नवरीसारख्या नखशिखांत पिवळ्या झाल्या होत्या. शिवाय मान हलवली की हिरवट चमकत होत्या!

आईंनी चष्मा लावला. आरशात पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. (वैशाली आधीपासूनच माझ्याकडे पाहत होती.)

"आई, घाबरू नका," मी शक्य तितक्या अधिकारानं म्हणालो. "निरुपद्रवी असतो. गळती शोधायचा रंग आहे."

"असं का?" आई शांतपणे म्हणाल्या. "मग सापडली का माझ्यात कुठं गळती?"

ताट खाली ठेवून वैशाली आत गेली आणि तिनं डोळ्यांना पदर लावलेला मला दिसला. तेव्हा मात्र माझा आत्मविश्वास (प्रथमच) डळमळला. दिलीपराव फराळाला येणार, पिवळ्या आईंना बघणार आणि घेऊन जाणार. आईंची आमच्याकडची पहिलीवहिली दिवाळी मी एका बाटलीत बुडवली होती.

आईंना साबण, बेसन, दही, लिंबू सगळं लावून झालं. फरक एवढाच पडला की रंगाला तकाकी आली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरच्या खुराना आंटी, हातात बर्फीचा डबा घेऊन.

"हॅपी दिवाली जी! अरे, माताजी! हाय रब्बा, क्या रूप चढा है! चेहरा तो देखो, चमक रहा है! कौनसा उबटन है जी?"

आईंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि मुख्याध्यापिकेच्या आवाजात सांगितलं, "हमारे जमाई का है. फॅक्टरी में बनता है."

"मुझे भी मंगवा दो, भाईसाब! मैं तो जल्दी में हूं, ऊपर मशीन चल रही है. नवरात्रे में नई ली है ना, फुल ऑटोमॅटिक! सुबह से परदे धो रही हूं."

मशीन? मी बर्फी तोंडात तशीच धरून बाथरूमकडे धावलो. छताच्या कोपऱ्यातून पाणी येत होतं, गीझरच्या पाठीमागून उतरत होतं आणि तळाशी येऊन ठिबकत होतं. आणि त्या पाण्यात फेस होता. बुडबुडे! आयुष्यभर बुडबुडे पकडणाऱ्या माणसाच्या डोक्यावर इतके दिवस बुडबुडे पडत होते आणि तो नट आवळत होता. गीझर बिचारा पहिल्या दिवसापासून निर्दोष होता. (पहिल्या दिवसापासून म्हणजे मी पाना लावेपर्यंत. मी सोडवलेल्या नळीतून दोन दिवसांनी तोही गळायला लागला, पण तो वेगळा विषय आहे.)

फराळाच्या वेळेला नोएडाची मंडळी आली. दिलीपरावांनी आईंना पाहिलं आणि त्यांचा लाडू हातातच राहिला.

"हे काय झालं? आई, बॅग भरा. चला आमच्याकडे!"

वैशाली स्वयंपाकघराच्या दारात खिळल्यासारखी उभी होती. आईंनी चकलीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, सावकाश चावला.

"अशी येऊ? या तोंडानं? तुमच्या शेजाऱ्यांना काय सांगाल, सासूला हळद लागली म्हणून? नाही बापा! हा रंग उतरेपर्यंत मी या घराबाहेर पाऊल नाही टाकत. वैशू, चकली झकास जमली हो."

वैशालीचा चेहरा असा उजळला की तिच्या आईचा रंग त्यापुढे फिका वाटावा. लग्नानंतर पहिल्यांदा करंज्यांची ताटली तिनं पाहुण्यांच्या आधी माझ्यापुढे ठेवली.

लक्ष्मीपूजन झालं, पाडवा झाला. आई पिवळ्याधमक बसून होत्या, मायलेकींच्या गप्पा संपत नव्हत्या. भाऊबीजेच्या सकाळी मात्र आईंचे हात जवळजवळ पूर्ववत झालेले दिसले आणि त्यांनी बॅगेतून नोएडाला नेसून जायची साडी काढली. मी बाल्कनीत पेपर वाचत होतो. वैशाली हळूच येऊन शेजारी उभी राहिली.

"अहो, त्या बाटलीत काही उरलंय का?"

"नाही गं. अख्खी ओतली होती मी."

"मग कारखान्यातून आणखी एक मिळेल?"

माझ्या तांत्रिक ज्ञानावर वैशालीनं आजवर दाखवलेला विश्वास तो एवढाच. गीझर दुरुस्त करायला तिनं दुसऱ्याच दिवशी प्लंबर बोलावला.