पोकळ वाजणारी भिंत

आईला पलंगावरून स्वयंपाकघर दिसावं, एवढंच मला हवं होतं. पडल्यापासून तिचं उठणं बंद झालं होतं. मधल्या खोलीत ती दिवसभर भिंतीकडं बघत पडायची, पलीकडं मी स्वयंपाक करायची, आणि आम्ही दोघी ओरडून बोलायचो. शेवटी ती भिंतच पाडायची, असं मी ठरवलं.

मग मळमड्डीतल्या आमच्या घरी येईल तो त्या भिंतीवर टकटक करून निकाल देऊ लागला. बाकी भिंत कपाटांनी अडवलेली, म्हणून सगळे पलंगाशेजारीच वाजवायचे. शेजारचे निवृत्त मास्तर कान लावून म्हणाले, "पोकळ आहे." माझ्या वडिलांनी, अप्पांनी, हे घर स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं, तेही म्हणाले, "पार्टिशनच आहे ती." गवंड्यानं तर टेपसुद्धा काढला नाही. "एनू आगंगिल्ल अक्का, काही होत नाही. दोन दिवसांत पाडतो." कलिंगड घेताना माणसं याहून जास्त विचार करतात. वर स्लॅब, खाली माझी आई, आणि ही मंडळी टिचकीवर विसंबलेली. माझं डोकंच फिरलं. हट्टानं मी एका इंजिनिअर बाईंना बोलावलं.

त्यांनी भिंत वाजवलीच नाही. आधी गच्चीवर गेल्या. तिथं बरोबर भिंतीवरून स्लॅबचा सांधा गेला होता.

"मागचं स्वयंपाकघर नंतर वाढवलं का?" त्यांनी विचारलं.

अप्पांनी मान डोलावली. म्हणजे ही मूळ घराची बाहेरची भिंत, आणि दोन्ही स्लॅब तिच्यावरच टेकलेले. मग पोकळ का वाजते? बाईंनी पलंगाशेजारचा गिलावा खरवडायला लावला. आत विटांचा पातळ थर, त्याच्यामागं पोकळी आणि लोखंडी गज. बुजवलेली खिडकी होती ती.

"अप्पा, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"मीच बुजवली की. पण खिडकीचं कुणी विचारलं कुठं?"

मी खाली पडलेला गिलावा झाडून काढला. बोलले असते तर आठवडाभर घरात अबोला झाला असता.

भिंत राहिली. बाईंच्या सल्ल्यानं खिडकी तेवढी मोकळी केली. मला भिंत नको होती, आणि पदरात पडले गज. त्या रागातच मी फोडणीत कांदा टाकायला गेले.

गजांपलीकडून आई म्हणाली, "आधी मोहरी तडतडू दे की गं."

साध्या आवाजात, न ओरडता. मी गॅस मोठा केला.