सात किलोंचं बाली

धाकट्या भावाने बालीचं सगळ्यांत स्वस्त विमान शोधून काढलं. त्यात माणशी सातच किलो सामान. काल त्याने दोघांच्या बॅगा वजनकाट्याला अडकवल्या, तर एक आठ किलो भरली. त्याच्या बायकोने, सुमनने, पोहण्यासाठी घेतलेले नवेकोरे कपडे मुकाट्याने बाहेर काढले.

"अरे, चिवड्याचा डबा काढ की," मी म्हटलं.

"ताई, तिकडचं खाणं आपल्याला मानवत नाही."

तिकडचा एक घासही न चाखता! असल्या माणसांनी समुद्र ओलांडावाच कशाला? हा किनाऱ्यावर बसून चिवड्याचे बकाणे भरणार आणि सुमन कोरडीच परतणार.

माझ्या पिशवीत त्याच्या प्रवासासाठी मुद्दाम करून आणलेलं मेतकूट होतं. ते मी गुपचूप घरी परत नेलं.