दोन्ही हात मोकळे

"पिशवी खाली ठेव. डबा बी ठेव. आता हात दाव."

रोज संध्याकाळी खालाच्या दारात माझी ही झडती व्हायची. दिवसभर शिलाई मशीनवर बसून पाठ मोडलेली, केसांत दोरे, आणि ही बाई माझी पोर कडेवर घेऊन उंबऱ्याच्या आत उभी. माझे दोन्ही हात मोकळे दिसल्याशिवाय द्यायची नाही. मग पोर माझ्या हातांत ठेवायची, तिच्या डोक्यावर पंजा दाबायची आणि म्हणायची, "पोचली."

पोर दीड वर्षाची होती तोवर ठीक. पुढं ती चार वर्षांची झाली, गल्लीभर उंडारायला लागली, तरी हेच.

"खाला, तिला पाय आहेत."

"पाय हायत म्हणूनच."



मी गुहागरकडची. शाळा आठवीत सुटली. नवरा जेसीबी चालवतो, त्याच्या कामामागं इकडं बीडकडं, सिरसाळ्याला आलो. तो पंधरा-पंधरा दिवस बाहेर. माहेर-सासर दोन्ही समुद्राकाठी, इथं हाक मारावी असं कुणी नाही. एका दुकानात शाळेचे गणवेश शिवायचं काम मिळालं, पण मालकानं पहिल्याच दिवशी बजावलं, लेकरू आणायचं नाही.

मग मी पोर सांभाळणारी घरं बघत फिरले. तुमच्यापैकी जे फिरले असतील त्यांना माहीत आहे, काय काय बघावं लागतं. पहिल्या घरी बाईचे डोळे टीव्हीवर आणि रांगतं मूल पेटत्या शेगडीपाशी. दुसरीला विचारलं, किती मुलं सांभाळता? ती म्हणाली, "असतील पाच-सहा." मी चप्पल घालून बाहेर.

तिसरी खाला. खाला म्हणजे मावशी, सगळी गल्ली तिला तेच म्हणायची. तिचा मुलगा स्टँडसमोर गाड्यावर फळं विकायचा. मी तिला पारखायला गेले, तर तिनंच मला समोर बसवलं. दूध कवा सोडलं? रडती तवा कावून रडती? झोपताना काय धरती?

हे शेवटचं मला कुणी विचारलंच नव्हतं. "माझा कान धरते," मी म्हटलं.

"मंग माझा धरंल. दोन हायत."

तिथंच ठरलं.

पण खालाला वळण लावणं माझ्या बापाच्यानं झालं नसतं. माझं अक्षर चांगलं. मी एका कागदावर नियम लिहून दिले. अकराला दूध, एकला झोप, चहा अजिबात नाही. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून वाचूनही दाखवले. तिनं कौतुकानं तो कागद भिंतीला खळीनं चिकटवला. चार दिवसांनी अवचित गेले, तर त्याच कागदाखाली बसून पोरगी चहात बुडवलेला टोस चोखत होती.

"खाला! काय लिहिलंय तिथं?"

"लई छान लिवलंस बेटा. भितीचा पोपडा झाकला."

मी चिडायचे, भांडायचे, उद्यापासून आणणार नाही म्हणायचे. सकाळी परत तिच्याच दारात.

एकदा मात्र हद्द झाली. मला ताप भरला होता. नवरा घरी आलेला, त्याला म्हटलं, पोरीला घेऊन ये. तासाभरानं तो हात हलवत परत. चेहरा लालेलाल.

"ती म्हणते, तुमी बाप असाल, पर सकाळी मी तुमच्या हातून घेतली न्हाई!"

"अरे, पोरगी बाबा-बाबा करत असेल ना?"

"करत होती! तर म्हणते, लेकरं कुणालाबी बाबा म्हणत्यात. सगळी गल्ली हसत होती."

अंगात ताप घेऊन मी गेले. भिंत धरत धरत. आणि दारात दोन्ही हात पुढं करून तोंडाला येईल ते बोलले. खालानं सगळं ऐकून घेतलं. पोर माझ्या हातांत ठेवून मग म्हणाली,

"माझी थोरली आडीच वर्साची व्हती. बाजारात गेलतो. मी समजले जावंपाशी हाय, जाऊ समजली माझ्यापाशी हाय. दिस बुडताना गावली, पोत्यांच्या मागं झोपलेली. पर तेवढा वेळ मी मेलते."

पोरीच्या डोक्यावर पंजा दाबून म्हणाली, "शिव्या दिल्यास तरी चालंल. पर हातात हात."

दुसऱ्या दिवशी पोर तिच्याच हातांत दिली. आठवड्यानं परत टोसावरून भांडलेच, ते वेगळं.

मागच्या जूनमध्ये, शाळा उघडायच्या तोंडावर, टेबलावर गणवेशांचा ढीग आणि मालक डोक्यावर उभा. दुपारी खालाच्या मुलाचा फोन. "अम्मीच्या छातीत दुखतंय. बीडला न्यायचंय, गाडी दारात हाय. तुमी या."

"पोरीला शेजारी द्या ना! मी सुटल्यावर घेते."

"अहो ताई, अम्मी गाडीत बसंना."

मी निघाले. मालक मागून म्हणाला, आता गेलीस तर परत येऊ नकोस. वाटभर मी खालालाच बोल लावत पळाले. काय हा हट्ट, काय ही बाई!

ती पायरीवर बसली होती. ओढणी घामानं गळ्याला चिकटलेली. मांडीवर माझी पोर, तिच्या मुठीत खालाचा कान. शेजारणी हात पुढं करून करून थकलेल्या. मुलगा रडकुंडीला आलेला. मी धावत जाऊन हात पुढं केले.

"कात्री," खाला म्हणाली.

गडबडीत दुकानातली कात्री माझ्या हातातच राहिली होती. ती खाली ठेवली. खालाला उचलणं जमत नव्हतं, तरी तिनं पोर माझ्या हातांत सरकवली. डोक्यावर पंजा ठेवला. या वेळी दाबला नाही.

"पोचली," म्हणाली आणि गाडीत बसली.

बीडहून ती परत आली नाही. दवाखान्यात पोचायला उशीर झाला का, हे मी तिच्या मुलाला अजून विचारलेलं नाही. त्यानंही कधी सांगितलं नाही.

मालकानं दोन दिवस ओरडून कामावर घेतलं. पोरीला आता नव्या ठिकाणी ठेवते. भिंतींवर ससे रंगवलेत, वेळच्या वेळी दूध देतात, चहा नाही. माझ्या कागदावरचं सगळं तिथं आहे.

पहिल्या संध्याकाळी गेले, तर तिथल्या बाई मोबाईलवरून मान न उचलता म्हणाल्या, "न्या हो, दारातच आहे ती."

पोरगी उंबऱ्याच्या आत उभी होती.

"चल," मी म्हटलं. हलेना. माझ्या एका हातात घरी शिवायच्या कापडांची पिशवी, दुसऱ्यात डबा. "अगं चल ना बाई, पाय आहेत ना तुला?"

ती माझ्या हातांकडं बघत राहिली.

मी पिशवी खाली ठेवली. डबा बी ठेवला.