नानकटाईची थाळी

साखर करपल्याचा वास आला की चिंचवडची ती खोली आठवते. नवरा शिफ्टला जाताना बाहेरून कुलूप लावायचा, आणि मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. शेजारणीच्या लेकीला गाईम्हशीचं दूध सोसत नसे, म्हणून त्या दुपारी मी वनस्पती तुपातली नानकटाई थाळीभर थापून भाजली, तिच्यावर नारळाच्या दुधात आटवलेल्या तांबूस साखरेचा थर दिला आणि त्यावर कोकोचा. शेजारीण मागच्या खिडकीशी न्यायला आली, तेव्हा थर ओलेच होते. तुकडे पडेनात, अख्खी थाळी खिडकीच्या गजांतून जाईना. “अगं, दार उघड की,” ती म्हणाली. “बाहेरून कुलूप आहे,” मी सांगून टाकलं. गॅरेजमधून तिने आपल्या मेकॅनिक नवऱ्याला आणलं आणि त्याने कडीच उखडून काढली. थाळी तिच्या हातात देऊन मी तशीच माहेरची एसटी धरली. त्या पोरीला ती नानकटाई आवडली का, ते मला आजवर कळलेलं नाही.