प्रोसेसरचं गाऱ्हाणं

कॉम्प्युटर चालू केला की आमचे सर त्याच्या डब्याला उलटा हात लावायचे, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. "गरम आहे ना? मग जिवंत आहे. लागा कामाला!"

लांज्याच्या अलीकडे आमची शाळा. मी मराठी शिकवते, सर कॉम्प्युटर शिकवायचे. त्यांच्याकडे एका काचेच्या पेटीत जुने प्रोसेसर होते, पणजोबापासून नातवापर्यंत ओळीनं लावलेले. दसऱ्याला पेटी पाटावर यायची, वर झेंडू, आणि सर देवळातल्या गुरवासारखं गाऱ्हाणं घालायचे.

"बा महाराजा, पयला तू चार बिटांचा व्हतास, नुसती आकडेमोड करायचास..."

"होय म्हाराजा!" पोरं ओरडायची.

"मग आठाचा झालास, सोळाचा झालास, बत्तिसाचा झालास. डोकं तापाय लागलं, तुझ्यावर पंखा बसवला..."

"होय म्हाराजा!"

"एका डोक्यानं भागेना, म्हणून एकाच चिपवर दोन डोकी केली, चार केली. आज लेकरांनी मान दिलाय तो मान्य करून घे, आणि परीक्षेच्या दिवशी अडकू नको रे महाराजा!"

प्रोसेसरचा सगळा इतिहास पोरांना तोंडपाठ. माझ्या कविता मात्र मेल्यांना कधी पाठ होत नाहीत!

मग आले तपासणीचे साहेब. नवी सिस्टीम टाकायला गेले, तर पडद्यावर उमटलं की हा प्रोसेसर जुना आहे, चालणार नाही. म्हणजे नवी सिस्टीम ह्यावर चालणार नाही, एवढंच ना? शेंबडं पोरही सांगेल. पण साहेबांनी सगळी मशीनं 'बंद' ठरवली. अहो, शेजारी मुली त्याच मशीनवर टायपिंग करत होत्या!

"साहेब, हात लावून बघा," सर म्हणाले. "गरम आहे ना?"

"गुरुजी, जग कुठे गेलं आणि तुम्ही कुठे!"

माझं डोकंच फिरलं. "आणि नवीन कधी येणार?" मी विचारलं.

"प्रस्ताव गेलाय, मॅडम."

सर छातीच्या दुखण्यानं रत्नागिरीला दवाखान्यात होते, तेवढ्यात भंगारवाल्याचा टेम्पो येऊन गेला. पेटीसकट सगळं गेलं. मी ऑफिसात जाऊन भांडले, कोण ऐकतंय! सर परत आले आणि रिकाम्या टेबलावर उलटा हात ठेवून नुसते उभे राहिले. त्यांनी तेव्हा आरडाओरडा का केला नाही, ह्याचा मला अजून राग येतो.

श्रावणात सर गेले. नवीन मशीनं अजून आलेली नाहीत. प्रस्ताव गेलाय ना!

यंदा दसऱ्याला पोरांनी रिकामी टेबलं पुसली, झेंडू ठेवला आणि सगळी माझ्याकडे बघायला लागली. मी हात जोडले.

"बा महाराजा, पयला तू चार बिटांचा व्हतास..." पुढचं काही केल्या आठवेना. आला तो फक्त संताप. "तुला जिवंतपणी ज्यांनी मेला म्हणून नेला, त्यांच्याकडे तूच बघ रे महाराजा!"

"होय म्हाराजा!" पार ऑफिसापर्यंत आवाज गेला.

पुढच्या एका मुलीनं टेबलाला उलटा हात लावला.

"बाई," ती म्हणाली, "गार आहे हो."