तिसऱ्या मूर्तीच्या खांद्यावरचं पाणी

फिटरकाका तसा सरळ माणूस. व्यसन नाही, चैन नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. फक्त चुकीचं काम दिसलं की त्यांचा डोक्यावरचा ताबा सुटायचा, आणि चुकीची कामं तर जगात पावलापावलाला असतात. त्यामुळे त्यांच्याबरोबर बाहेर पडायचं म्हणजे त्यांची बायको उंबऱ्यातच 'आज गप्प बसा' म्हणून बजावायची.

शहराच्या पाणीखात्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली. पाइप कुठे फुटलाय हे शोधण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पहाटे रहदारी सुरू होण्याआधी रस्त्यावर उकिडवं बसायचं, लोखंडी सळईचं एक टोक जमिनीवर आणि दुसरं कानाला लावायचं. मग म्हणायचे, "इथे खणा." तिथेच गळती निघायची.

एकदा मोठ्या चौकाखालच्या पाइपाचा सांधा जाणार, असं त्यांनी तीनदा सांगितलं. वरचे साहेब म्हणाले, "तुम्ही फिटर आहात, ज्योतिषी नाही." अकराव्या दिवशी सांधा गेला. दवाखान्याच्या तळघरात कमरेइतकं पाणी साचलं, आणि चौकशीच्या कागदावर आलं, 'फिटरने वेळीच लक्ष दिले नाही.' बढती हुकली, ती कायमचीच. त्या वाक्याचा राग काकांनी बावीस वर्षं जपून ठेवला होता. जेवताजेवता मध्येच म्हणायचे, "वेळीच लक्ष दिलं नाही म्हणे!" आणि बायको ताटात आमटी वाढायची.

ते निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांनी मुलीने एका दिवसाची सहल ठरवली. मुलगी शाळेत शिकवायची. दोन तासांवर डोंगरात जुने बौद्ध विहार होते, त्यांच्या डोक्यावर दोन धबधबे. सकाळी विहार, दुपारी धबधबे, संध्याकाळच्या बसने परत.

"बाबा, एकच अट. उद्या पाण्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही."

"धबधबा दाखवायला नेतेस आणि पाण्याबद्दल बोलू नका म्हणतेस?"

"बघा. बोलू नका." शेवटी काकांनी शब्द दिला.

पाऊस संपून पंधरा दिवस झाले होते. पायऱ्या चढून तिघं पहिल्या विहाराशी आली, तेव्हा काका खरोखर गप्प होते. काळ्या कातळात कोरलेलं चौकोनी दालन, तीन बाजूंना भिक्षूंच्या खोल्या, प्रत्येक खोलीत दगडाचाच ओटा आणि उशाशी दगडाचाच उंचवटा. काकांनी एका ओट्यावर आडवं होऊन पाहिलं. बायको म्हणाली, "उठा, लोक बघतायत." पण तिलाही हसू आलं होतं.

मग दाराजवळ त्यांना पाण्याचं टाकं दिसलं आणि ते तिथून हलेनात. टाक्याच्या तोंडाशी एक वीतभर खोल खळगा कोरला होता. वरून येणारं पाणी आधी त्यात पडायचं, गाळ तिथेच बसायचा आणि नितळ पाणी पुढे टाक्यात जायचं. काकांनी खळग्याच्या कडेवरून बोट फिरवलं. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी इथे उकिडवं बसून पाण्याचा विचार केला होता, अगदी त्यांच्यासारखाच. मुलीला दिलेला शब्द होता म्हणून बोलले मात्र काही नाहीत.

शब्द मोडला तो पुढच्या मोठ्या दालनात.

तिथे उजव्या भिंतीवर बुद्धाच्या सात बैठ्या मूर्ती ओळीने कोरलेल्या होत्या. सहा शाबूत होत्या. तिसरीच्या डाव्या खांद्यावर छतातून पाणी ठिबकत होतं. खांदा झिजून उतरला होता, चेहऱ्याची डावी बाजू पुसट झाली होती, आणि कानापासून मांडीपर्यंत पांढरा जाड ओघळ गोठला होता. शेजारी पाटी होती : 'नैसर्गिकरीत्या पाणी झिरपल्यामुळे झालेली झीज.'

काका जवळ गेले. दोरी आडवी होती, म्हणून खाली पडलेली पांढरी खपली त्यांनी उचलली. ती बोटांत चुरडली, वास घेतला.

"हे पाणी कधीपासून ठिबकतंय?" त्यांनी दारातल्या पहारेकऱ्याला विचारलं. पहारेकरी त्यांच्याच वयाचा, गळ्यात शिट्टी.

"झाली पाच-सहा वर्षं."

"त्याआधी?"

"त्याआधी कोरडं ठणठणीत. मी इथे पंचवीस वर्षं आहे."

"आणि ही पाटी म्हणते नैसर्गिक!" काकांचा आवाज दालनात घुमला. चार माणसं वळून बघायला लागली. "हा चुना आहे, सिमेंटमधून उतरलेला. माझी हयात गेली हा ओघळ बघण्यात. या काळ्या डोंगरात सिमेंट कुठून आलं? दोन हजार वर्षं डोंगराला झिरपायचं सुचलं नाही आणि पाच वर्षांपूर्वी एकदम सुचलं?"

"बाबा..." मुलगी म्हणाली.

"कुठेतरी पाणी मुरतंय," काका म्हणाले, आणि हा वाक्प्रचार आयुष्यात पहिल्यांदाच कुणी इतका शब्दशः वापरला असेल.

पहारेकऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. "काका, मी तोंडी तीनदा सांगितलंय वर. पालथ्या घड्यावर पाणी. तुम्ही धबधबा बघा आणि सुखाने घरी जा."

धबधब्याची वाट त्याच विहारांच्या माथ्यावरून जात होती. मोठा धबधबा समोरच्या दरीत कोसळत होता, त्याचे तुषार वाऱ्याने तोंडावर येत होते. मुलीने आईला कठड्याशी उभं केलं, फोटो काढले. बायकोने कधी नव्हे ते डोक्यावरचा पदर उडू दिला. दोघी इतक्या रमल्या की काका बरोबर नाहीत हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

काका धाकट्या धबधब्याकडे गेले होते. तिथे फोटोसाठी सिमेंटचा गोल कट्टा बांधला होता, वर बदामाच्या आकाराची लोखंडी चौकट. जोडपी रांगेत उभी राहून एकेक करून बदामात शिरत होती. काका मात्र कट्ट्याच्या खाली वाकून बघत होते.

कातळात हातभर रुंद चर कोरलेला होता. विहारांच्या कपाळावरून आडवा जाणारा, अंगचा किंचित उतार असलेला. डोंगरउतारावरचं सगळं पाणी अडवून ते थेट धबधब्यात नेऊन सोडायचं, विहारावर थेंब पडू द्यायचा नाही, यासाठी. त्या चरावरच कट्टा बसवला होता. आणि खालून पाणी जायला जी फट उरली होती, तीत कंत्राटदाराच्या माणसांनी उरलेल्या सिमेंटच्या गोण्या आणि राडारोडा कोंबून टाकला होता. गोण्या भिजून दगड झाल्या होत्या. पाणी तिथे तुंबत होतं आणि कातळाच्या भेगेतून खाली उतरत होतं. बरोबर तिसऱ्या मूर्तीच्या खांद्यावर.

काकांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. ज्या कुणी हा चर खोदला, त्याने टाकीचे किती घाव घातले असतील! आणि या गाढवांना चार गोण्या खाली उतरवायचा कंटाळा!

निवृत्त झाले तरी त्यांच्या पिशवीत डब्याशेजारी एक छन्नी आणि एक हातोडी असायचीच. ते पोटावर झोपले आणि अर्धे कट्ट्याखाली शिरले.

"ओ काका, तुमचे पाय येतायत फ्रेममध्ये!" वरून एक तरुण ओरडला.

"येऊ देत!" खालून काका गरजले.

पहिली गोणी फुटली, दुसरी निघाली, तिसरीने बोटाचं साल काढलं. पाचवी गोणी निघाली तेव्हा आतून घशात गुळणी केल्यासारखा आवाज आला, आणि तुंबलेलं पाणी गढूळ लोंढ्याने काकांच्या सदऱ्यावरून निघून धबधब्याकडे धावलं. तेवढ्यात शिट्टी वाजली. कुणीतरी खाली जाऊन सांगितलं होतं, एक माणूस लेणी फोडतोय.

खालच्या कार्यालयात अधिकारी मॅडम होत्या. तिशीतल्या, टेबल नीटनेटकं, भिंतीवर त्या सात मूर्तींचा मोठा जुना फोटो. फोटोतली तिसरी मूर्ती अजून कोरडी होती.

"पुरातन वास्तूला हात लावणं गुन्हा आहे, माहीत आहे?"

"मी वास्तूला कुठे हात लावला? तुमच्या सिमेंटच्या गोण्यांना लावला. त्या पुरातन आहेत का?"

"उलट बोलू नका. माफीपत्र लिहून द्या, म्हणजे विषय संपेल. 'माझ्या अज्ञानामुळे हे कृत्य घडले.'"

"अज्ञानामुळे?" काका खुर्चीतून उठले. अंगावरून चिखल टेबलाखाली ठिबकत होता. "अज्ञान कुणाचं? ती पाटी कुणी लिहिली? त्या कट्ट्याला मंजुरी देताना कुणी वर जाऊन पाहिलं होतं का?"

"तेव्हा मी इथे नव्हते."

"तेव्हा कुणीच कुठे नसतं!"

मुलगी रडकुंडीला आली. "बाबा, द्या ना लिहून. बस जाईल आपली." मग आईकडे वळून म्हणाली, "आई, तू तरी सांग."

बायको इतका वेळ कोपऱ्यातल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती उठली, टेबलाशी आली.

"मॅडम, चौतीस वर्षं मी ह्यांना गप्प बसा म्हणत आले. ते बसले नाहीत ही गोष्ट वेगळी. पण आज मी म्हणणार नाही. बावीस वर्षांपूर्वी एक वाक्य ह्यांच्या नावावर लिहिलं गेलं, ते आमच्या घरात रोज जेवायला बसतं. आता दुसरं खोटं वाक्य ह्यांच्याच हाताने लिहून घेऊन त्याला मी घरी नेऊ? नाही नेणार. बस जायची असेल तर जाऊ दे."

काका पुन्हा खुर्चीत बसले. ते वाक्य तिलाही टोचत होतं, हे त्यांना त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

दारात उभा असलेला पहारेकरी खाकरला. "मॅडम, गोण्या कट्ट्याच्याच होत्या. मी तोंडी बोललो होतो. लेखी हवं असेल तर आता देतो."

मॅडमनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. मग त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "काय ते तुम्हीच लिहा." काकांनी लिहिलं, चराची आकृती काढली, उतार दाखवला, खाली सही केली. पहारेकऱ्यानेही शेजारी सही केली. मॅडमनी कागद ठेवून घेतला आणि नियमाप्रमाणे काकांना वर्षभर प्रवेशबंदी लावली.

"म्हणजे शिक्षा मलाच," काका म्हणाले.

"नियम आहे," मॅडम म्हणाल्या, पण त्यांच्याकडे न बघता.

बस गेलीच होती. दुसऱ्या गाडीत उभ्याने परतताना काका सारखे धुमसत होते. बायकोने त्यांच्या सोललेल्या बोटाला रुमाल बांधला आणि गाठ जरा जास्तच करकचून मारली. मुलगी एकदम म्हणाली, "बाबा, सकाळी टाक्यापाशी ज्या खळग्यावरून बोट फिरवत होतात, तो कशासाठी होता?" काकांनी तो उभ्याउभ्या हातवारे करून समजावला, शेजारच्या प्रवाशाला कोपर लागेपर्यंत.

तीन आठवड्यांनी पहारेकऱ्याचा फोन आला. छताचं ठिबकणं थांबलं होतं. कट्टा पाडत नव्हते, पण चर मोकळा ठेवायचा, असा आदेश निघाला होता. काकांनी फोन ठेवला आणि डोळे पुसले. बायकोने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

प्रवेशबंदी संपली त्याच आठवड्यात तिघं पुन्हा गेली. तिसऱ्या मूर्तीचा खांदा कोरडा होता. गेलेला चेहरा काही परत आला नव्हता, आणि त्याच्यासमोर काका बराच वेळ हात बांधून उभे राहिले. जुनी पाटी काढून नवी लावली होती, आकृतीसकट : 'तज्ज्ञ समितीच्या पाहणीनुसार प्राचीन जलनिस्सारण व्यवस्था पुनरुज्जीवित.'

"तज्ज्ञ समिती!" मुलगीच उसळली. "बाबांचं नाव तरी घालायचं!"

"नाव गेलं खड्ड्यात," काका म्हणाले. ते चष्मा सरसावून आकृती न्याहाळत होते. त्यांचा चेहरा लालबुंद होत चालला होता. "हा बाण बघ. पाण्याचा बाण. चढावर काढलाय! पाणी चढावर जातं का कधी? कागद आण."